काँक्रीटच्या अंतरंगातील प्रकाशतंतू

उत्तर कन्नड जिल्ह्यात कारवारजवळ, काळी नदीच्या काठी, कैगा अणुवीज केंद्र आहे. त्याच्या पहिल्या अणुभट्टीचे बांधकाम चालू असताना, १३ मे १९९४ रोजी, आतील संरक्षक कवचाच्या घुमटाचा खालचा थर सुटून कोसळला. भट्टीत अणुइंधन भरलेले नव्हते, म्हणून किरणोत्साराचा प्रश्न उद्भवला नाही. परंतु अपघात झालाच तर किरणोत्सारी वाफ व वायू कोंडून ठेवणारा अखेरचा अडसर म्हणजे हे कवच होय. त्याच्या अंतरंगात काय घडते ते जाणून घेण्याची निकड या घटनेने स्पष्ट केली.

असे कवच पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे असते. काँक्रीटमधील नळ्यांतून पोलादी केबल ओवून त्या ताणल्या म्हणजे काँक्रीट आधीच दाबाखाली येते. घुमटातील केबल मात्र वक्र असल्याने जाडीच्या दिशेनेही ओढ निर्माण होते व थर एकमेकांपासून सुटू पाहतात. कैगाच्या सुधारित घुमटात म्हणूनच जाडीच्या दिशेने सळ्या घालण्यात आल्या व अधिक बलवान काँक्रीट वापरण्यात आले. ती भट्टी २००० साली कार्यान्वित झाली.

आपल्या जडजल भट्ट्यांत ताणलेल्या केबलभोवती पातळ सिमेंट भरतात. त्यामुळे पुढे त्या काढून तपासता येत नाहीत. काँक्रीट तर वर्षानुवर्षे आक्रसत राहते व केबलचा ताण उतरतो. तो किती उतरला, हे काँक्रीटमध्ये पुरलेल्या मापकांवरूनच कळू शकते. भाभा अणुसंशोधन केंद्राने तारापूर येथे ५४० मेगावॉट भट्टीच्या आतील कवचाची एक-चतुर्थांश प्रतिकृती उभारून तिच्यात दाब वाढवीत नेला, तेव्हा एक हजाराहून अधिक मापके बसविली होती. त्यांत कंप पावणाऱ्या तारेची मापकेही होती.

प्रकाशीय तंतू हा याच कामाचा नवा मार्ग होय. केसाएवढ्या काचेच्या तंतूत ठरावीक अंतरावर सूक्ष्म पट्टे कोरले की ‘ब्रॅग जालक’ तयार होते. ते एकाच तरंगलांबीचा प्रकाश परत पाठविते. काँक्रीटबरोबर तंतू ताणला गेला की पट्ट्यांतील अंतर वाढते व ही तरंगलांबी बदलते. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशात, लांबी दशलक्षांशाने वाढल्यास हा बदल सुमारे १.२ पिकोमीटर असतो. एकाच तंतूवर अशी अनेक जालके ओळीने बसविता येतात, आणि विद्युत्‌यंत्रांच्या चुंबकीय क्षेत्राचा त्यांवर परिणाम होत नाही.

तथापि उणिवाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. एक अंश सेल्सिअस उष्णतेनेही तरंगलांबी सुमारे १० पिकोमीटर सरकते. म्हणून तापमान वेगळे मोजून ते वजा करावे लागते. किरणोत्साराने काच हळूहळू काळवंडते. सिमेंटच्या क्षारांपासून बचावासाठी तंतूवर लेप हवा. पुरलेला तंतू बदलता येत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, तंतू ज्या दिशेने पुरला असेल त्याच दिशेचे ताण तो सांगतो. घुमटाच्या पृष्ठभागाला समांतर पुरलेल्या तंतूला थर सुटण्याची चाहूल लागेलच असे नाही. त्यासाठी काही तंतू जाडीतून आरपार न्यावे लागतील. म्हणून काँक्रीट ओतण्यापूर्वीच, ते कोणत्या दिशेने फुटू शकते, हा विचार अभियंत्याने केला पाहिजे. ही जागा व दिशा तंतू स्वतः ठरवीत नाही.