मेंदूतील वासे आणि शरीरातील संप्रेरके

पन्नाशीच्या आसपास घरातील स्त्री वस्तू कोठे ठेवली हे विसरू लागली, म्हणजे मंडळी एक तर तिची थट्टा करतात, नाही तर कोणाच्या सांगण्यावरून हार्मोनच्या गोळ्या आणतात. या दोन्ही गोष्टी आम्हांस उचित वाटत नाहीत. म्हणून या विषयाची थोडी शास्त्रीय माहिती सभासद कुटुंबांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

मेंदूतील चेतापेशीस घराप्रमाणेच सांगाडा असतो. ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या सूक्ष्म नळ्या हे तिचे खांब होत. टाऊ आणि मॅप-२ ही प्रथिने त्या खांबांना धरून ठेवतात. पेशीच्या फांद्यांवर बारीक काट्यांसारखे उंचवटे असतात. शेजारच्या पेशींकडून येणारे पुष्कळसे निरोप तेथेच पोहोचतात. या काट्यांचा आकार अॅक्टिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांनी धरलेला असतो. मृगापूर्वी आपण कौले परततो, वासे बदलतो. परंतु अॅक्टिनच्या धाग्यांची ही मोडजोड अहोरात्र चालूच असते.

या मोडजोडीवर स्त्रीच्या अंडाशयातून पाझरणाऱ्या ईस्ट्राडिओल या संप्रेरकाचा प्रभाव पडतो. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात कॅथरीन वुली, ब्रूस मॅकइवेन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० साली उंदरांच्या मादीवर संशोधन केले. तिचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे असते. स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पस या भागातील काटे त्या चक्रात २४ तासांच्या आत सुमारे ३० टक्क्यांनी घटतात, असे त्यांस आढळले. त्याच सुमाराच्या प्रयोगांत, अंडाशये काढल्यावर काटे कमी झाले व संप्रेरक दिल्यावर पुन्हा वाढले. कोफिलिन हे प्रथिन अॅक्टिनचे धागे तोडते. ईस्ट्राडिओल त्यास आवर घालते, असे पुढील प्रयोगांत दिसून आले.

हा विषय केवळ स्त्रियांचा, असेही कोणी समजू नये. पुरुषांच्या मेंदूतही टेस्टोस्टेरोनपासून अॅरोमटेझ नावाच्या विकराच्या साहाय्याने ईस्ट्राडिओल तयार होते.

आता कोणी म्हणेल, मग उतारवयात संप्रेरकाच्या गोळ्या घेतल्या की स्मृती टिकेल! हे अनुमान सरळ दिसते. परंतु परीक्षेत ते उतरले नाही. अमेरिकेत ६५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ४,५३२ स्त्रियांवर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांच्या एकत्रित गोळ्या घेणाऱ्यांपैकी ४० जणींस, तर निव्वळ औषधविरहित गोळ्या घेणाऱ्यांपैकी २१ जणींस स्मृतिभ्रंश झाला. उंदरांच्या तरुण मादीस जे मानवले, ते वृद्ध स्त्रीस मानवेलच असे नाही.

तात्पर्य इतकेच की, रजोनिवृत्तीच्या काळातील किरकोळ विसर हा आळस नव्हे की वेड नव्हे. शरीरातील बदलाशी त्याचा संबंध असू शकतो, आणि पुष्कळ जणींच्या बाबतीत तो काही काळाने निवळतो. मात्र नेहमीची वाट चुकणे, रोजचा स्वयंपाक न सुचणे अशी लक्षणे दिसल्यास, ‘वयच तसे’ म्हणून स्वस्थ बसू नये, डॉक्टरांस दाखवावे. तसेच संप्रेरकाची कोणतीही गोळी त्यांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. जिने घराचे खांब सांभाळले, तिची थट्टा न करता चार शब्द आपुलकीने विचारणे, हे तर प्रत्येकाच्या हाती आहे.