सतरा कोलांट्या, अठरा विजय

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी सातनंतर दिवा लागतो. कचेरीतून परतलो की आम्ही तिथे तास-दोन तास बसतो. मागच्या निकालानंतर बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा यायचा बंद झाला. चार सत्रे चांगल्या गुणांनी काढलेला पोरगा पाचव्या सत्रात एका विषयात गेला, पुन्हा बसला आणि पुन्हा त्याच विषयात गेला. निरोप पाठवला तर त्याच्या आईने कळवले, "भाऊ, तो कुणाशी बोलत नाही. दिवसभर मोबाइलवर गाड्यांच्या शर्यती बघत पडतो."

आम्ही घरी गेलो. अभ्यासाचे नाव काढले नाही. काय बघतोस, एवढेच विचारले. त्याने मोबाइल पुढे केला. डोंगराच्या उतारावरून एक मोटार चेंडूसारखी गडगडत खाली चालली होती. "काका, सतरा वेळा उलटला हा. आत दोघं होते. दोघंही धडधाकट बाहेर आले. आणि दोन महिन्यांच्या आत ह्यानंच रॅली जिंकली."

आम्हाला मोटारींतले ओ की ठो कळत नाही. पण त्या पोराच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी जीव आला होता, म्हणून घरी येऊन त्या चालकाची माहिती मिळवून वाचली. वाचता वाचता वाटले, ही हकीकत आपल्या वाचकांपुढे ठेवावी. चालकाचे नाव यारी-मात्ती लात्वाला. देश फिनलंड.

रॅली म्हणजे काय?

रॅली म्हटले की आपल्याला आधी मोर्चा आठवतो. ही रॅली वेगळी. यात गोल मैदानावर गाड्या एकमेकींना मागे टाकत नाहीत. जंगलातले मातीचे रस्ते, बर्फ, घाटातले डांबरी रस्ते असे पंधरा-वीस टप्पे तीन-चार दिवसांत पार करायचे असतात. गाड्या ठरावीक अंतराने एकेक सोडतात. प्रत्येकाची स्पर्धा घड्याळाशी. सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची कमी, तो जिंकला.

चालकाशेजारी सहचालक बसतो. स्पर्धेआधी दोघांनी तो रस्ता मर्यादित वेगाने दोनदा पाहिलेला असतो. वळण डावे की उजवे, किती तीव्र, पुढे चढ आहे की उंचवटा, हे सारे वहीत टिपलेले असते. प्रत्यक्ष टप्प्यात सहचालक ती टिपणे वाचत जातो आणि चालक ती ऐकून गाडी हाकतो. चढापलीकडचा रस्ता डोळ्यांना दिसत नसतो. वहीवर आणि शेजारच्या माणसाच्या आवाजावर विश्वास ठेवून पाय तसाच दाबून ठेवायचा असतो.

आत्मविश्वास हा शब्द आपण भाषणात सहज वापरतो. रॅलीत तो पायाच्या तळव्यात असतो. मन कचरले की पाय नकळत उचलतो. एका वळणावर अर्धा सेकंद जातो, शंभर वळणांवर पन्नास सेकंद. मग गेलेला वेळ भरून काढण्याची घाई होते, आणि पुढच्या वळणावर गाडी रस्त्याबाहेर. भीतीने मंदावणे आणि घाईने आपटणे, या दोन टोकांत लात्वालाची पुढची सारी वर्षे हिंदकळत राहिली.

सर्वांत तरुण विजेता

लात्वालाचा जन्म ३ एप्रिल १९८५ चा, टोयसा या लहानशा गावातला. वडील स्वतः रॅली चालवणारे. आठव्या वर्षीच पोराच्या हाती जुनी फोर्ड एस्कॉर्ट आली आणि हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याच्या बर्फावर त्याचा सराव सुरू झाला. हे आम्ही मुद्दाम सांगतो. कष्ट त्याचेच, पण पायाखाली बापाने घातलेली फळी होती. आपल्याकडे कितीतरी गुणी पोरांना ती फळी मिळत नाही, हे विसरून कुणाची उदाहरणे देऊ नयेत.

२००२ साली, सतराव्या वर्षी, तो ब्रिटनच्या रॅलीत जागतिक स्पर्धेत उतरला. २००८ मध्ये फोर्डच्या मुख्य संघात जागा मिळाली आणि त्याच फेब्रुवारीत त्याने स्वीडनची रॅली जिंकली. तेव्हा वय होते २२ वर्षे ३१३ दिवस. जागतिक रॅली जिंकणारा सर्वांत तरुण चालक हा मान हेन्री तोइव्होनेन या फिनलंडच्याच चालकाने १९८० साली मिळवला होता. तो आता लात्वालाकडे आला. वेग आहे, वय आहे, संघ आहे. जगज्जेता होणार, यात कुणाला शंका राहिली नाही.

२००९ ची तीन प्रकरणे

एप्रिल २००९. पोर्तुगालची रॅली. वयाची २४ वर्षे त्याच दिवसांत पुरी झालेली. चौथ्या टप्प्यात गाडी रस्ता सोडून उतारावर गेली आणि सुमारे दीडशे मीटर गडगडत खाली आली. हीच ती मोबाइलवरची सतरा कोलांट्यांची चित्रफीत. गाडीच्या आतल्या लोखंडी पिंजऱ्याने तो आणि सहचालक मिक्का अन्तिला बचावले.

मे महिन्यात इटलीच्या सार्डिनिया बेटावर तोच लात्वाला पहिला आला. आपल्याकडच्या व्याख्यानात गोष्ट इथेच संपली असती. पडला, उठला, जिंकला, टाळ्या. खरी गोष्ट पुढे आहे.

जून महिना, पोलंड. फोर्डचे दोन चालक पहिल्या-दुसऱ्या स्थानावर. पुढे मिक्को हिर्वोनेन, मागे लात्वाला. शेवटचा टप्पा उरलेला, तोही प्रेक्षकांसाठी ठेवलेला छोटा टप्पा. नुसते सांभाळून पार करायचे होते. तिथे त्याची गाडी कडेच्या ठोकळ्यावर आदळली आणि स्पर्धा संपली. दुसऱ्या क्रमांकाचे आठ गुण गेले. त्याचेही आणि संघाचेही. त्या वर्षअखेर हिर्वोनेनचे जगज्जेतेपद सेबास्तियन लोएबपुढे अवघ्या एका गुणाने हुकले.

पोर्तुगालची दरी भयंकर खरी, पण आमच्या मते त्याला खरा घाव पोलंडच्या त्या ठोकळ्याने दिला असावा. दरीत पडला तेव्हा तो वेगात होता, झटत होता. पोलंडमध्ये काम संपत आले होते आणि नुकसान दुसऱ्यांचेही झाले. स्वतः पडण्याचे दुःख माणूस पचवतो. आपल्यामुळे घरच्यांची मान खाली गेली, हे पचत नाही. आमचा तो विद्यार्थी नापास झाल्यापेक्षा आईच्या समोर यायला जास्त घाबरत होता.

फोर्डने त्याला काढले नाही. २०१० मध्ये त्याने न्यूझीलंड आणि फिनलंड या दोन रॅली जिंकल्या. न्यूझीलंडमध्ये तर शेवटच्या टप्प्यात पुढे असलेल्या सेबास्तियन ओजिएची गाडी गर्रकन फिरली आणि विजय याच्या पदरात पडला. शेवटच्या टप्प्यातली चूक एकट्या लात्वालाच्याच नशिबी नव्हती. वर्षअखेर १७१ गुणांनी तो जगात दुसरा आला. पहिल्या लोएबचे २७६. त्या वर्षी त्याने आठवड्यामागून आठवडे गाडी शेवटपर्यंत नेली, त्याचे हे फळ.

द्राक्षाच्या मळ्यात

२०१३ मध्ये तो फोक्सवॅगनच्या संघात गेला. तिथे जोडीला तोच ओजिए. गाडी तीच, आणि २०१३ ते २०१६ अशी चारही वर्षे ओजिए जगज्जेता. एकाच टेबलाशी बसणारा सहकारी दरवर्षी बढती घेतो, तेव्हा आपल्या मनाचे काय होते, हे नोकरी करणाऱ्यांना सांगायला नको. लात्वालाने मनाच्या तयारीसाठी खास प्रशिक्षकाची मदत घेतली. ताप आला की डॉक्टरकडे जावे तशी. यात त्याला कमीपणा वाटला नाही, हे आपल्या घरांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

२०१४ हे त्याचे सर्वांत चांगले वर्ष. स्वीडन, अर्जेंटिना, फिनलंड त्याने जिंकले. ऑगस्टमध्ये जर्मनीत ओजिएची गाडी बाद झाली. लात्वाला मोठ्या आघाडीवर. शेवटचा दिवस उजाडला. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे. आणि गाडी सरळ मळ्यात गेली. पुन्हा तेच.

ती रॅली कोणी जिंकली, हेही ऐका. बेल्जियमच्या थिएरी नूव्हिलने. याच नूव्हिलची गाडी स्पर्धेआधीच्या सरावात उलटून द्राक्षमळ्यात पडली होती. मेकॅनिकांनी राबून ती उभी केली, आणि तीच गाडी पहिली आली. ह्युंदाईचा तो जागतिक रॅलीतला पहिला विजय.

लात्वालाने काय केले? ऑक्टोबरमध्ये फ्रान्समध्ये पुन्हा डांबरी रस्त्यावर उतरला आणि जिंकला. डांबरावरचा हा त्याचा पहिला विजय, आणि तो जर्मनीनंतर दीड-दोन महिन्यांत. ज्या विषयात गेला, त्याच विषयात पास झाला, असे आम्ही त्या पोराला सांगितले तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

कारकुनी सवयीने आम्ही त्या वर्षाची बेरीजही मांडून पाहिली. ओजिए २६७, लात्वाला २१८. विजयाचे गुण २५. म्हणजे जर्मनी जिंकला असता तरी २४३ झाले असते. तो एक अपघात टळला असता तरी जगज्जेतेपद मिळाले नसते. फरक वर्षभरातल्या लहानसहान गळतीचा होता. आपण मात्र एका अपयशाकडे बोट दाखवून म्हणतो, याच्यामुळे सारे गेले. मांडून पाहावे. बहुतेक वेळा तसे नसते.

शेवटची नोंद

२०१६ अखेर फोक्सवॅगनने रॅलीतून अंग काढून घेतले. लात्वाला टोयोटात गेला. १९९९ नंतर मैदानात परतलेल्या या संघाला २०१७ च्या दुसऱ्याच रॅलीत, स्वीडनमध्ये, त्याने विजय मिळवून दिला. तिथे आघाडीवर असलेला नूव्हिल प्रेक्षकांसाठीच्या छोट्या टप्प्यात कडेला धडकून बाद झाला होता. पोलंडचा तो ठोकळा आता दुसऱ्याच्या वाट्याला आला. आणि म्हणून नूव्हिल संपला का? तोच नूव्हिल २०२४ साली जगज्जेता झाला.

लात्वालाला पुढचा विजय मिळायला नोव्हेंबर २०१८ उजाडला, ऑस्ट्रेलियात. तो अठरावा. २०१९ नंतर संघाने त्याला नियमित जागा दिली नाही. दोनशेहून अधिक जागतिक रॅली, अठरा विजय, तीनदा जगात दुसरा, आणि जगज्जेतेपद एकदाही नाही.

ही वजाबाकीची नोंद आम्ही खोडत नाही. जिद्द असली की सारे मिळतेच, असे सांगणारे लेख आम्हाला खोटे वाटतात. पण वही तिथे संपत नाही. २०२१ पासून टोयोटाने याच माणसाला आपल्या रॅली संघाचा प्रमुख नेमले. संघात काल्ले रोवानपेरा नावाचा वीस वर्षांचा फिनिश पोरगा होता. एप्रिल २०२१ मध्ये गुणतक्त्यात पहिला असताना क्रोएशियाच्या पहिल्याच टप्प्यात तो आपटला. संघाने त्याला सांभाळले. जुलैमध्ये एस्टोनियात तो जिंकला आणि सर्वांत तरुण विजेत्याचा लात्वालाचा मान त्याने मोडला. तेव्हा त्याचा संघप्रमुख लात्वालाच होता. त्यानंतर काही चुकले नाही असे नव्हे. पोरगा पुन्हाही आपटला. पण २०२२ आणि २०२३ साली तो जगज्जेता झाला. पहिल्या वेळी त्याचे वय होते २२ वर्षे १ दिवस.

जे लात्वालाला स्वतःला मिळाले नाही, ते त्याच्या हाताखालच्या पोराने मिळवले. पडलेल्याला काय लागते, हे ज्याने स्वतः पडून पाहिले आहे त्याला शिकवावे लागत नाही.

वाचकहो, विशेषतः आईबापहो, निकालाच्या दिवशी पोराला त्याच्या कोलांट्या मोजून दाखवू नका. त्या त्याने मोजलेल्याच असतात. दोन दिवस जाऊ द्या. मग शेजारी बसा, सहचालकासारखे. कुठल्या वळणावर पाय उचलला आणि कुठे घाई झाली, एवढे त्याच्याबरोबर पाहा. आणि दुसरी संधी देताना हात आखडू नका. श्रीमंताच्या घरी ती आपोआप येते, आपल्या घरी ती द्यावी लागते.

तो मुलगा मागच्या गुरुवारी अभ्यासिकेत आला. कोपऱ्यात बसला. फार बोलला नाही. जाताना म्हणाला, "काका, त्या विषयाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आहेत का तुमच्याकडे?"

होत्या. काढून दिल्या.