जहाज बंद पडले, माणसे उतरवायची कशी?

वाचक हो, मोटेवरचे इंजिन बंद पडले तर फार तर पाण्याची एक पाळी चुकते. भर वादळात प्रवासी जहाजाची इंजिने बंद पडली तर?

नॉर्वेच्या किनाऱ्यालगत २३ मार्च २०१९ रोजी हेच घडले. ‘वायकिंग स्काय’ या सहलीच्या जहाजावर ९१५ प्रवासी व ४५८ कर्मचारी होते. प्रवाशांत म्हातारी माणसे पुष्कळ. हुस्टाडविका हा तिथला खडकाळ, बदनाम टापू. दुपारी दोनच्या सुमारास चालती इंजिने एकामागून एक थांबली आणि जहाज खडकांकडे सरकू लागले. नांगर टाकले, पण ते लवकर धरेनात.

आपण म्हणाल, जीवनौका होत्याच की! होत्या. पण जीवनौका जहाजाच्या कडेवरून दोरांनी खाली सोडावी लागते. तेवढ्या लाटांत ती जहाजावरच आपटायची. मदतीस निघालेल्या बोटीसुद्धा समुद्र पाहून परत फिरल्या. उरली हेलिकॉप्टरे. वरून तारेने माणूस खाली सोडायचा, त्याने प्रवाशाला पट्टा बांधायचा, मग वर ओढून घ्यायचे. खाली जहाज हेलकावे खातेय, वर सोसाट्याचा वारा. त्यातच जवळच्या एका मालवाहू जहाजाचे इंजिन बंद पडले. त्यावरच्या नऊ खलाशांसाठी काही हेलिकॉप्टरे तिकडे वळवावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ४७९ प्रवासी निघाले. या वेगाने सगळे जहाज रिकामे करायला दोन दिवस तरी लागले असते, आणि खडक काही तेवढा थांबणार नव्हता!

चौकशीत कारण निघाले ते आपल्या ओळखीचे. वंगण तेलाच्या टाक्यांत तेल कमी होते. जहाज डोलू लागताच तेल एका बाजूला गेले, पंपाने हवा ओढली, तेलाचा दाब उतरला आणि इंजिने आपोआप बंद झाली. चौथे इंजिन दुरुस्तीसाठी आधीच बंद होते. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून मगच काडीवर तेल पाहा, असे आम्ही सांगतो ते याचसाठी. उभ्या ट्रॅक्टरला पुरेसे वाटणारे तेल उताराच्या रानात अपुरे पडू शकते.

खलाशांनी तेल भरून इंजिने पुन्हा चालू केली, म्हणून जहाज खडकावर जाता जाता वाचले. २४ मार्चला दुपारी ते मोल्डे बंदरात लागले, तेव्हा त्यावर ४३६ प्रवासी होते. एकही जीव गेला नाही.