गळ विकणारे आणि गळ टाकणारे

धाराशिव जिल्हा आणि मासेमारी हे दोन शब्द कोणी एका वाक्यात घातले की ऐकणारा प्रथम हसतो. ज्या जिल्ह्याची ओळख अवर्षणाने व्हावी, जेथे टँकरची वाट पाहण्यात उन्हाळ्याचे दिवस सरावेत, तेथे मासे कोठले आणि ते धरण्याचे साहित्य विकणारे दुकान तरी कोठले? आमच्याही मनात आरंभी हीच शंका होती. परंतु थोडा विचार केला म्हणजे ध्यानात येते की, मासे येथे अवर्षणामुळेच आले. पाऊस कमी म्हणून पाणी अडविणे भाग पडले. परंड्याकडे सीना-कोळेगाव, लोहारा तालुक्यात माकणीचा निम्न तेरणा प्रकल्प, तेरजवळचा तेरणा तलाव, नळदुर्गाजवळ बोरी नदीवरचे धरण, कळंबच्या अंगाला जिल्ह्याच्या सीमेवरचा मांजरा प्रकल्प, आणि याखेरीज १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर खोदलेले कितीतरी पाझर तलाव. पाणी अडविण्याची विद्या या भागास नवी नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरीचा प्रवाह अडवून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, पाणीमहाल बांधला गेला, तो आजही उभा आहे. जेथे पाणी थांबते तेथे मासा येतो, आणि जेथे मासा येतो तेथे काठावर कोणीतरी गळ टाकून बसतोच.

हा गळ तो आणतो कोठून, या साध्या प्रश्नापासून आमची चौकशी सुरू झाली. मुंबईत केवळ गळ, काठ्या आणि फिरक्या विकणारी दुकाने आहेत; पवई तलावाच्या काठी गळकऱ्यांची संस्थाही आहे. आमच्या जिल्ह्यात असे स्वतंत्र दुकान आमच्या पाहण्यात नाही. येथे हा माल मिळतो तो दोरखंडाच्या दुकानात. दर्शनी बाजूस कासरे, दावी, सुतळी, ताडपत्र्या, वेसणी टांगलेल्या. त्यांच्या मागे जाळ्यांच्या गुंडाळ्या. आणि अगदी गल्ल्याजवळ, मालकाच्या हाताशी, एका पत्र्याच्या डब्यात गळांच्या पुड्या. अशाच एका दुकानात आम्ही चार-पाच आठवडेबाजार बसून काढले. मालक, दोन नोकर आणि मालकांचा भाचा एवढाच तेथील परिवार. दुकानाचे नाव आम्ही सांगत नाही, कारण नोकरांनी आमच्याशी जे मोकळेपणाने बोलणे केले ते छापून येईल अशा अपेक्षेने केलेले नव्हते.

सकाळी आठला दुकान उघडावयाचे. प्रथम माल बाहेर लटकवावयाचा. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. दोरखंडाची वेटोळी वाहून खांदे सोलतात आणि काथ्याची कूस दिवसभर नाकात जाते. बाजाराच्या दिवशी दुपारचा डबा उभ्यानेच खावा लागतो. या कामात गळ आणि तंगूस यांची विक्री पैशाच्या हिशेबाने अगदीच किरकोळ आहे. नफा ताडपत्रीत. पण आम्हांस गंमत वाटली ती ही की, ताडपत्री घेणाऱ्या गिऱ्हाइकाशी हे नोकर मोजून चार शब्द बोलत, आणि दहा-वीस रुपयांचे गळ घेणाऱ्याशी मात्र त्यांचे बोलणे लांबत जाई. "तळं कोणतं, दादा? मरळीला पाहिजे का चिलापीला? काठावरून टाकणार का भिंतीवरून?" वैद्याने रोग्याची नाडी धरावी तशी ही चौकशी चाले, आणि उत्तर मिळाल्याखेरीज पुडीला हात लागत नसे.

ही चौकशी अकारण नसते. गळाच्या क्रमांकांची रीत उफराटी आहे. एक नंबरपासून पुढे दोन, चार, सहा, दहा असा आकडा वाढत जातो तसतसा गळ लहान होत जातो. आणि एकाहून मोठे गळ पाहिजे असतील तर एक-शून्य, दोन-शून्य अशी मोजणी उलट्या दिशेने सुरू होते. नवखा माणूस मोठा मासा धरावयाचा म्हणून मोठा आकडा मागतो आणि मुंगळ्याच्या नांगीएवढा गळ घेऊन घरी जातो. दुसरी गोष्ट पोलादाची. गळाच्या पोलादास पाणी पाजण्यात सारी कारागिरी असते. ते अधिक कडक झाले तर गळ काडीसारखा मोडतो, मऊ राहिले तर ओढ बसताच सरळ होतो. नॉर्वे देशातील मुस्ताद या घराण्याचा कारखाना १८७७ पासून गळ बनवीत आला आहे आणि त्याची ख्याती या एका गुणावरच उभी आहे. आमच्या दुकानातील थोरला नोकर पुडीतील एक गळ लाकडी फळीत रोवून बोटाने ताणून दाखवी. ताण सोडताच तो मूळ आकारास आला तर माल खरा.

तंगुसाची कथाही अशीच. पूर्वी गळाला सुताची, सणाची किंवा रेशमाची दोरी असे. ती भिजून कुजे. १९३५ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांनी नायलॉन सिद्ध केले आणि पुढील काही वर्षांत त्याचा एकेरी पारदर्शक धागा गळाला लागला. हाच आपला तंगूस. तो दुप्पट जाड घेतला तर दुप्पट नव्हे, सुमारे चौपट भार पेलतो, कारण बळ जाडीवर नसून कापलेल्या तोंडाच्या क्षेत्रफळावर असते. म्हणून 'थोडा जाड द्या' या मागणीचा अर्थ नोकर नीट विचारून घेतो. जाड तंगूस माशाला दिसतो, बारीक तुटतो. पाण्यात भिजला की त्याचे बळ काहीसे उतरते, आणि उन्हात तर तो दिवसेंदिवस ठिसूळ होत जातो. म्हणून रिळे दर्शनी बाजूस कधीही टांगीत नाहीत. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करावी, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने धागा गाठीतच दुबळा होतो, ही सूचना प्रत्येक नव्या गिऱ्हाइकास फुकट मिळते. पदार्थविज्ञानाचा एवढा व्यवहारी पाठ आम्हांस कोणत्याही शाळेत मिळाला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

जानेवारी महिना आला की याच दुकानात एक निराळीच उलटतपासणी सुरू होते. संक्रांतीच्या सुमारास पोरे तंगूस मागावयास येतात ती माशांसाठी नव्हे, पतंगासाठी. नायलॉनच्या मांज्याने पक्षी मरतात, दुचाकीवरील माणसांचे गळे चिरतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली. तेव्हा पोराने रीळ मागितले की धाकटा नोकर विचारतो, "गळ कुठं आहे तुझा?" पोर गडबडले की रीळ परत डब्यात. एकदा एका पोराने या प्रश्नाला खिशातून खरोखरीचा गळ काढून दाखविला, आणि त्याला रीळ मिळाले. ते पुढे पाण्यात गेले की आभाळात, हे देव जाणे.

आता छंदाकडे वळू. गळ विकणारा स्वतः गळ टाकतो का? दोघेही नोकर टाकतात, आणि मालकांच्या मते हाच त्यांचा दुर्गुण. परंतु दुकानाची पत राहिली आहे ती यामुळेच. रविवारी माकणीच्या पाण्यावर जो गळ सरळ झाला त्याची पुडी सोमवारी गिऱ्हाइकाला दिली जात नाही. कणकेत काय मिसळले असता रोहू येतो, वाम रात्री गांडुळालाच का लागते, मरळीला रबरी बेडूक पाण्यावरून कसा ओढून दाखवावा, हे ज्ञान पुस्तकातून आलेले नसून काठावर डास मारीत बसून आलेले आहे. थोरल्या नोकराचा एक नियम आम्हांस फार आवडला. मरळ आपल्या पिलांची राखण करते. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिलांचा थवा दिसला की त्याच्या खाली आई-बाप असतातच, आणि थव्याजवळ पडलेल्या वस्तूवर ते धावून येतात, त्यामुळे त्या वेळी त्यांना धरणे अगदी सोपे. तेथे गळ टाकावयाचा नाही. "पोरं मागं राहतात हो," एवढेच तो म्हणाला.

हा छंद या भागात काल-परवा आला असे समजण्याचे कारण नाही. उमरग्याच्या शेजारी, आज कर्नाटकात असलेले बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. राजाच्या अनेक विनोदांत त्याने मत्स्यविनोदही सांगितला आहे: माशांच्या जाती, कोणास कोणता चारा रुचतो, काठी आणि दोरी यांचा उपयोग कसा करावा. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. आम्ही हे दुकानात सांगितले तेव्हा धाकट्या नोकराने विचारले, "राजाला सुट्टी कोण देत होतं?"

प्रश्न विनोदाचा होता, पण अडचण नेमकी तेथेच आहे. गळ टाकावयाला पैसा थोडा लागतो, वेळ मात्र भरपूर लागतो. मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम १९४८ साली झाला. त्याने दुकानातील नोकरास दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी कामाची मर्यादा आणि आठवड्यातून एक बंद दिवस दिला. २०१७ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्यानुसार दुकान वर्षभर रोज उघडे ठेवता येते, नोकराला मात्र आठवड्याची सुट्टी दिलीच पाहिजे. परंतु हा कायदा मुळात दहा किंवा अधिक कामगार असणाऱ्या आस्थापनांसाठी केलेला; दोन नोकरांचे दुकान त्याच्या मुख्य तरतुदींच्या कक्षेबाहेरच पडले. तेथे सुट्टी मिळते ती मालकाच्या स्वभावाप्रमाणे. आमच्या दुकानाचे मालक भले आहेत, रविवारी दुपारनंतर मोकळीक देतात. पण अर्ध्या दिवसात पंचवीस-तीस किलोमीटर जाऊन परत यावयाचे, म्हणजे पाण्याजवळ मिळतात ते अडीच तास. मासा घड्याळ पाहत नाही. थोरला नोकर एकवीस वर्षे दुकानात आहे. आजवर सकाळच्या पाण्यावर, म्हणजे मासा खरोखर लागतो त्या वेळी, आपण कितीदा बसलो हे त्याने आम्हांस बोटांवर मोजून दाखविले.

याहून अवघड पेच दुसराच आहे. धरणातला मासा कोणाचा? रोहू, कटला आणि मृगळ हे वाहत्या, पूर आलेल्या नदीत अंडी घालणारे मासे; साठलेल्या पाण्यात ते आपण होऊन वाढत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन या जातींचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून बीज हुकमी मिळू लागले. म्हणजे आपल्या तलावातील रोहू हा बहुधा पेरलेला असतो. शासन तलाव ठेक्याने देते, त्यात मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना प्राधान्य असते, आणि या संस्थांचे सभासद पुष्कळदा भोई समाजाचे, ज्यांचे पोट पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर आहे. ते पदरचे पैसे घालून बोटुकली सोडतात. हेच सभासद आमच्या दुकानातून किलोवर जाळी घेतात, आणि दुकानाचे मासळीच्या बाजूचे खरे गिऱ्हाईक तेच.

एका रविवारी थोरल्या नोकराला चार किलोचा कटला लागला. राखणदाराने त्याला हटकले. गंमत अशी की तो राखणदार दुकानाच्या ओळखीचा. आठवड्यापूर्वी याच नोकराने त्याला जाळे मोजून दिले होते. तंटा झाला नाही. कटला संस्थेकडे गेला, नोकर मोकळ्या हाताने परतला, आणि सोमवारी दोघेही एकमेकांशी जरा अवघडून बोलले. आमच्या मते राखणदाराचे चुकले नाही. हौशी माणसाचा एक मासा म्हणजे किरकोळ गोष्ट असे आपण शहरात बसून म्हणतो. पण दर रविवारी तीस-चाळीस हौशी बसले तर पेरणाऱ्याच्या पदरात काय उरले? त्याचबरोबर, थोडे शुल्क घेऊन गळकऱ्याला दिवसाची परवानगी द्यावी आणि त्याला चिलापी हवी तितकी नेऊ द्यावी, असे संस्थेनेच ठरविले तर बिघडणार नाही. चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली. ती कोणी न पेरता वाढते आणि पेरलेल्या माशांच्या अन्नावर हक्क सांगते. तेव्हापासून थोरला नोकर पाझर तलावावरच जातो आणि चिलापीच धरतो. हा तोडगा त्याने स्वतःच काढला, कोणी सांगितला नाही.

धरणे आटली म्हणजे हा सारा वाद आपोआप मिटतो, ही तर आणखी दुःखाची गोष्ट. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा कोरडे पडले, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी दुकानातील जाळ्यांच्या गुंडाळ्यांवर धूळ बसली. संस्थांची उधारी थकली. मालकांनी ती मागितली नाही, पण धाकट्या नोकराला सहा महिने घरी बसविले. त्या काळात तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला. पुन्हा पाऊस झाला, बोटुकली सोडली गेली, तेव्हा त्याला बोलावणे आले. तो आला त्या दिवशी त्याने प्रथम पत्र्याचा डबा उघडून सारे गळ तेलाच्या फडक्याने पुसले, असे थोरला नोकर आम्हांस सांगत होता. निम्मे गंजले होते. ते त्याने टाकून न देता एका बाटलीत भरून ठेवले आहेत. नवशिक्यांना गाठ शिकवावयास उपयोगी पडतात.

त्या बाटलीतील एक गळ आम्हांलाही मिळाला. गाठ तिसऱ्या खेपेस जमली. ती त्याने ओढून पाहिली, मान हलविली आणि बाहेर दाव्यांचे गिऱ्हाईक उभे होते तिकडे गेला.