नगाचा दर, तासाचा हिशेब

धारावीतल्या एका पोटमाळ्यावर पुरुषांचे शर्ट शिवले जातात. उभ्या लोखंडी जिन्याने वर गेलं की मशिनींची दाटीवाटीची ओळ लागते. कापलेला माल बंडलं बांधून येतो. एक जण बाह्या जोडतो, दुसरा ओव्हरलॉक मारतो. सगळ्यांत अवघड काम कॉलरचं. दोन्ही टोकं सारखी यायला हवीत, आतलं बकरम फुगता कामा नये. बिहारहून आलेला कारागीर प्रत्येक टोक उलटवून बोटाने चाचपत होता आणि मगच पुढचा नग उचलत होता. या हाताला महिन्याचा पगार नाही; मजुरी नगावर.

मी बसले होते तेवढ्यात वीज गेली. सगळे मशिनीपाशीच थांबून राहिले. वीज आली, तर जुळत्या रंगाचा दोरा संपलेला. दोरा येईपर्यंत त्या कॉलरवाल्या कारागिराने अल्टरला, म्हणजे दुरुस्तीला, परत आलेले शर्ट उसवायला घेतले. त्यातल्या काहींचं कापडच मुळात तिरकं कापलेलं होतं. या सगळ्या वेळाचा त्याला एक पैसाही मिळत नाही. कटाईतली चूक दुसऱ्याची आणि भुर्दंड याला, हे मला सरळ अन्यायाचं वाटतं.

काज-बटण झालेले शर्ट शेजारच्या घरांत धागे कापायला जातात. तिथल्या ताईंना विचारलं, रोज किती तास काम होतं? त्या म्हणाल्या, "स्वयंपाक, पाणी सांभाळून मधेमधे करते. तास कसे सांगू? शर्ट किती झाले ते सांगते." त्यांचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही.

कायदा मात्र तासाचा विचार करतो. 1948 च्या किमान वेतन कायद्याचं कलम 17 सांगत होतं, की नगावर काम असलं आणि त्या कामाला वेळेनुसार किमान वेतनच ठरलेलं असलं, तर त्याहून कमी मजुरी देता येत नाही. आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या 2019 च्या वेतन संहितेतही ही तरतूद आहे. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये किमान वेतनाहून कमी मोबदल्यात घेतलेलं काम ही घटनेच्या कलम 23 खालची वेठबिगारी ठरवली.

म्हणून दर ठरवताना कारागिरालाच घड्याळ लावून एक कॉलर शिवायला सांगा. वीज, दोरा आणि अल्टर यांत जाणारा वेळ त्यात धरा. ठरलेला दर लिहून भिंतीवर लावा, आणि धागे कापणाऱ्या बायकांची नावंही हजेरीपटावर घ्या.