परदेशी डोमेन नाव विश्वस्ताच्या नावावर : पात्रता एकाची, वापर दुसऱ्याचा

नवी दिल्ली : परदेशी बाजारपेठेत उतरणाऱ्या भारतीय उद्योजकाला बहुधा त्या देशाचे डोमेन नाव हवे असते. जर्मनीतील ग्राहकाला ‘डॉट डीई’, कॅनडातील ग्राहकाला ‘डॉट सीए’ आणि जपानमधील ग्राहकाला ‘डॉट जेपी’ हे नाव अधिक ओळखीचे व विश्वासार्ह वाटते. मात्र अनेक देशांत असे नाव मिळण्यासाठी स्थानिक नागरिकत्व, वास्तव्य अथवा कार्यालय असावे लागते. ही अट पूर्ण करू न शकणाऱ्यांसाठी काही नोंदणी कंपन्या ‘विश्वस्त सेवा’ पुरवतात. स्थानिक व्यक्ती किंवा कंपनी डोमेन स्वतःच्या नावावर नोंदवते आणि त्याचा वापर शुल्क भरणारा ग्राहक करतो. ही व्यवस्था सोयीची असली, तरी नोंदवहीत धारक म्हणून ग्राहकाचे नाव नसते आणि पुढील बहुतेक अडचणींचे मूळ तेथेच असते.

नियम देशागणिक वेगळे का?

देशनिहाय डोमेनची दोन अक्षरे ‘आयएसओ ३१६६’ या आंतरराष्ट्रीय मानकातील देशसंकेतांवरून घेतली जातात. ती नावे कोणाला द्यायची, हे त्या त्या देशातील नोंदणी संस्था ठरवते. इंटरनेटच्या जडणघडणीतील अग्रणी जॉन पोस्टेल यांनी मार्च १९९४ मध्ये लिहिलेल्या ‘आरएफसी १५९१’ या दस्तऐवजात अशा संस्थांना मालक नव्हे, तर विश्वस्त मानले आहे. त्यांनी आपल्या देशाची आणि जागतिक इंटरनेट समुदायाची सेवा करावी, अशी ही कल्पना आहे. त्यामुळे काही संस्थांनी दारे सर्वांना खुली केली, तर काहींनी स्थानिक संबंधाची अट कायम ठेवली.

कोठे कोणती अट?

कॅनडात नागरिक, कायमस्वरूपी रहिवासी आणि तेथील कायद्यानुसार स्थापन झालेल्या कंपन्या पात्र ठरतात. न्यासालाही स्वतःच्या नावावर डोमेन घेता येते. परंतु तो कॅनडातील एखाद्या प्रांताच्या किंवा प्रदेशाच्या कायद्यानुसार स्थापन झालेला असावा आणि त्याचे दोन-तृतीयांशांहून अधिक विश्वस्त ‘कॅनडातील उपस्थिती’च्या निकषात बसणारे असावेत. परदेशी कंपनीने कॅनडात व्यापारचिन्ह नोंदवले असल्यास तिलाही पात्रता मिळते. मात्र त्या चिन्हातील शब्द डोमेन नावात जसाच्या तसा असणे आवश्यक असते.

अमेरिकेच्या ‘डॉट यूएस’साठी नागरिकत्व, कायमस्वरूपी वास्तव्य, अमेरिकेत स्थापन झालेली संस्था किंवा परदेशी संस्थेची तेथील खरीखुरी उपस्थिती यांपैकी एक आधार लागतो. धारकाची ओळख झाकणाऱ्या प्रॉक्सी नोंदणीला तेथे मनाई आहे. जपानमध्ये सर्वसाधारण ‘डॉट जेपी’ नावासाठी तेथील पत्ता पुरतो. ‘को डॉट जेपी’ मात्र जपानमध्ये नोंदणी झालेल्या कंपन्यांसाठी राखीव आहे.

जर्मनीने मधला मार्ग स्वीकारला आहे. परदेशी व्यक्तीलाही ‘डॉट डीई’ स्वतःच्या नावावर घेता येते. परंतु मागणी झाल्यास न्यायालयीन कागदपत्रे स्वीकारणारा जर्मनीतील प्रतिनिधी नेमावा लागतो. येथे प्रतिनिधी केवळ टपाल घेतो आणि डोमेनचा धारक ग्राहकच राहतो. पूर्ण विश्वस्त सेवेत नेमके याच्या उलट घडते.

न्यायालयाने काय म्हटले?

अशा व्यवस्थेची कसोटी ‘लेन्सवर्ल्ड डॉट ईयू’ प्रकरणात लागली. वॉल्श ऑप्टिकल या अमेरिकी कंपनीकडे ‘लेन्सवर्ल्ड’ हे बेनेलक्स व्यापारचिन्ह होते. परंतु युरोपीय संघाबाहेरची असल्याने ‘डॉट ईयू’साठी ती अपात्र होती. तिने ब्यूरो गेव्हर्स या बेल्जियन सल्लागार संस्थेशी परवाना करार केला आणि संस्थेने डिसेंबर २००५ मध्ये स्वतःच्या नावाने अर्ज केला. त्याच नावासाठी जानेवारी २००६ मध्ये अर्ज करणाऱ्या पाय ऑप्टीक या बेल्जियन कंपनीला नकार मिळाला आणि वाद न्यायालयात गेला. युरोपीय न्यायालयाने १९ जुलै २०१२ रोजी निर्णय दिला. ज्याला चिन्हाचा व्यापारी वापर करण्याचा अधिकार नाही आणि ज्याच्याकडे केवळ दुसऱ्यासाठी नाव नोंदवण्याचे काम सोपवले आहे, त्याला परवानाधारक म्हणून प्राधान्य मागता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

पात्रता कायमची नसते, हे ब्रेक्झिटने दाखवून दिले. १ जानेवारी २०२१ रोजी ब्रिटिश धारकांची सुमारे ८० हजार ‘डॉट ईयू’ नावे निलंबित झाली आणि संकेतस्थळांसह त्यांवरील ई-मेलही थांबले. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या युरोपीय संघाच्या नागरिकांना मात्र नाव राखण्याची मुभा होती, कारण ऑक्टोबर २०१९ पासून वास्तव्याबरोबर नागरिकत्वही पात्रतेचा निकष ठरले होते.

भारतातील स्थिती

भारताचे ‘डॉट इन’ २००५ पासून देश-विदेशातील सर्वांसाठी खुले असून त्यासाठी विश्वस्ताची गरज नाही. राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंज अर्थात ‘निक्सी’ त्याचे व्यवस्थापन करते. देवनागरीतील ‘डॉट भारत’ नावेही उपलब्ध आहेत. काही उपनावे मात्र राखीव आहेत : ‘गव्ह डॉट इन’ शासकीय यंत्रणांना, ‘एसी डॉट इन’ शैक्षणिक संस्थांना, तर ‘बँक डॉट इन’ बँकांना दिले जाते. तोतया संकेतस्थळांद्वारे होणारी फसवणूक रोखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या नावाकडे वळण्याचे निर्देश बँकांना दिले होते. पात्रतेची अट ग्राहकाच्या संरक्षणासाठीही वापरता येते, याचे हे उदाहरण आहे.

करारापूर्वी काय तपासावे?

विश्वस्त नेमण्यापूर्वी संबंधित नोंदणी संस्थेला ही पद्धत मान्य आहे का, हे प्रथम पाहावे लागते. त्यानंतर नोंदवहीत धारक म्हणून कोणाचे नाव राहील, डोमेन अन्यत्र हलवण्याचा संकेतांक कोणाकडे असेल आणि विश्वस्त कंपनी बंद पडल्यास किंवा दिवाळखोरीत गेल्यास नावाचे काय होईल, या बाबी लेखी ठरणे आवश्यक असते. ग्राहक पुढे स्वतः पात्र ठरल्यास नाव त्याच्याकडे वर्ग करण्याचे बंधनही करारात असावे. स्थानिक व्यापारचिन्ह अथवा शाखा कार्यालयाच्या आधारे स्वतःच्या नावावर नोंदणी शक्य असेल, तर खर्च अधिक असूनही तो मार्ग सुरक्षित ठरतो. व्यवसायाचे संकेतस्थळ आणि ई-मेल ज्या नावावर चालतात, ते नाव परक्याच्या हाती ठेवण्याची जोखीम शुल्कातील बचतीहून मोठी असू शकते.