गुपित कळल्यानंतरची पानं

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ 1967 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ती हातात घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मराठी वाचकाला कर्ण कोणाचा मुलगा हे ठाऊक होतं. आजीच्या गोष्टींतून, कीर्तनांतून, शाळेच्या पुस्तकांतून ते कधीच कानावर पडलेलं होतं. घराण्याचं इतकं मोठं गुपित पहिलं पान उलटण्याआधीच उघडं होतं, तरी ती जाडजूड कादंबरी लोकांनी झपाटल्यासारखी वाचली आणि अजूनही वाचतात. सावंतांनी ती कर्ण, कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून सांगितली आहे. वाचताना आपण कर्णाचं कूळ शोधत बसत नाही. पोटचं पोर नदीत सोडून दिलेली बाई पुढे तोच मुलगा समोर वावरताना गप्प कशी राहिली असेल, यात आपला जीव अडकतो. जुनं प्रेम, घरातलं गुपित आणि मागची पिढी यांवरच्या कादंबऱ्या वाचायला कोणत्या घ्याव्यात, असं कोणी विचारलं तर माझी कसोटी यातूनच येते. जिचं गुपित आधी फुटलं तरी जिची गोडी कमी होत नाही, ती कादंबरी घ्यावी. म्हणून पुढे ज्या चार पुस्तकांची शिफारस करणार आहे, त्यांची गुपितं मी झाकून ठेवलेली नाहीत.

या जातीच्या कादंबऱ्यांचा साचा एव्हाना सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. एखादं जुनं घर, माळ्यावरची ट्रंक, पिवळा पडलेला फोटो, मृत्युपत्र, आणि त्याचा माग काढत निघालेली नात. साचा इतका सोपा की त्यावर वाईट पुस्तकं पुष्कळ निघतात. तरी तो टिकला आहे, कारण त्याच्या मुळाशी एक खरी उणीव आहे. आपण आईला ओळखतो ते आपल्या जन्मापासून पुढे. तिची त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं आपल्या हिशेबातच नसतात. आपल्याकडे तर लग्नात मुलीचं नावसुद्धा बदलण्याची रीत होती, अजूनही काही घरांत आहे. आजीला माहेरी काय हाक मारत, हे नातवंडांना अनेकदा तिच्या मागे, एखाद्या दूरच्या आत्याकडून कळतं. ट्रंकेत सापडतं ते हेच माणूस, आपली आई किंवा आजी होण्याआधीचं. ऊब येते ती त्या ओळखीतून. गुपित हे तिथवर नेणारं दार आहे, आणि जी कादंबरी दारातच संपते ती दुसऱ्यांदा वाचवत नाही.

रोझमंड पिल्चर या ब्रिटिश लेखिकेची ‘द शेल सीकर्स’ ही 1987 सालची कादंबरी याचा उत्तम दाखला आहे. पेनेलपी कीलिंग ही चौसष्ट वर्षांची बाई हृदयविकाराच्या झटक्यानंतर इस्पितळातून स्वतःच्या मर्जीने घरी निघून येते, तिथे गोष्ट सुरू होते. तिचे वडील लॉरेन्स स्टर्न चित्रकार होते. त्यांचं एक चित्र तिच्या भिंतीवर आहे आणि त्यांच्या चित्रांना आता बाजारात मोठा भाव आला आहे. थोरली नॅन्सी आणि धाकटा नोएल यांचे डोळे त्या चित्रावर आहेत. मधली ऑलिव्हिया तेवढी आईकडे माणूस म्हणून बघते. इस्टेटीवरून घरात सुरू होणारी ही कुजबुज मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. मुलांना जे माहीत नाही ते असं: युद्धाच्या धामधुमीत, पोटात नॅन्सी असताना पेनेलपीने घाईने लग्न केलं, आणि मग तिला रिचर्ड लोमॅक्स भेटला. हा सैन्यातला अधिकारी 1944 च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर मारला गेला. तिच्या सबंध आयुष्यातलं खरं प्रेम ते एवढंच. पिल्चर हे गुपित शेवटच्या पानासाठी राखून ठेवत नाहीत. मुलं चित्राच्या किमतीवरून वाद घालत असताना त्या आईला काय आठवत असेल, हे वाचकाला त्या आधीच कळू देतात. त्यामुळे पेनेलपीला एकदा कॉर्नवॉलला, आपल्या तरुणपणाच्या गावी जायचं असतं आणि तिन्ही मुलं काही ना काही कारण सांगून टाळतात, तेव्हा तो साधा नकार वाचकाला घरातल्या मोठ्या भांडणापेक्षा जास्त लागतो. शेवटी ती दोन परक्या तरुण माणसांना सोबत घेऊन जाते, आणि ते चित्र गावच्या संग्रहालयाला देऊन टाकते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. पिल्चरबाई मुळात हलक्याफुलक्या प्रेमकथा लिहिणाऱ्या. सुरुवातीची पुस्तकं त्यांनी जेन फ्रेझर या टोपणनावाने लिहिली. अशा लेखणीतून आलेल्या पुस्तकाला साहित्य कशाला म्हणायचं? पण लेखकाचं मागचं खातं काढून पुस्तकाची किंमत ठरत नाही. ‘द शेल सीकर्स’ त्यांनी साठीच्या आसपास लिहिली. त्यांचा जन्म कॉर्नवॉलमधला आणि युद्धात नौदलाच्या महिला दलात त्यांनी काम केलं होतं. शिधापत्रिकेचे दिवस, रात्रीचे काळोख केलेले रस्ते, मोडक्या घरातही लावलेली फुलं हे सगळं त्यांनी पाहिलेलं होतं, आणि पानापानावर ते जाणवतं. पुस्तकात गोडवा आहे हे खरं. काही ठिकाणी तो जास्तही होतो, विशेषतः तरुण जोडप्याच्या प्रसंगांत. मात्र प्रियकर परत येत नाही, नवरा सुधारत नाही, आणि दोन मुलं शेवटपर्यंत आईला ओळखत नाहीत. एवढं कडू पोटात घेतलेल्या पुस्तकाला निव्वळ गोड म्हणता येणार नाही.

दुसरं पुस्तक ‘द गर्न्झी लिटररी अँड पोटॅटो पील पाय सोसायटी’. नाव लांबलचक आहे, पुस्तक मात्र आटोपशीर आणि सगळंच पत्रांतून सांगितलेलं. मेरी ॲन शॅफर या अमेरिकन बाईंनी ग्रंथालयांत आणि पुस्तकांच्या दुकानांत आयुष्य काढलं, आणि ही एकच कादंबरी लिहिली. तब्येतीने साथ सोडल्यावर त्यांची भाची ॲनी बॅरोज हिने ती पुरी केली. 2008 साली पुस्तक बाजारात आलं, तेव्हा शॅफर हयात नव्हत्या. गर्न्झी हे इंग्लिश खाडीतलं बेट 1940 ते 1945 अशी जवळजवळ पाच वर्षं जर्मन सैन्याच्या ताब्यात होतं. गोष्ट 1946 मधली आहे. लंडनमधल्या जूलिएट ॲश्टन या लेखिकेचं नाव-पत्ता लिहिलेलं जुनं पुस्तक फिरत फिरत बेटावरच्या डॉसी ॲडम्स या शेतकऱ्याच्या हाती येतं, तो तिला पत्र टाकतो, आणि हळूहळू बेटावरची सगळी मंडळी लिहू लागतात. त्या पत्रांच्या मधोमध एक रिकामी जागा आहे. एलिझाबेथ मकेना. तिने एका जर्मन अधिकाऱ्यावर प्रेम केलं, त्याच्यापासून तिला किट ही मुलगी झाली, आणि एका गुलाम मजूर मुलाला आसरा दिल्याबद्दल जर्मनांनी तिला रावेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठवलं. ती परतली नाही.

शत्रूच्या माणसाचं मूल. त्या काळात, त्या बेटावर यापेक्षा मोठं लांच्छन नसेल. नवख्या लेखकाने इथे गावभर चघळली जाणारी बदनामी रंगवली असती. शॅफर आणि बॅरोज यांनी उलट वाट धरली. एलिझाबेथच्या मित्रमंडळींना सारं ठाऊक आहे आणि त्या सगळ्यांनी मिळून किटला वाढवायला घेतलं आहे, आळीपाळीने, कोणी उपकाराची भाषा न करता. जूलिएटवर, म्हणजे आपल्यावर, विश्वास बसेल तसतसं ते तिला थोडंथोडं सांगतात. गुपित विश्वासाने हातात ठेवायची गोष्ट आहे, हे या कादंबरीइतकं सहज मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. शेवटची प्रेमकहाणी दुरून दिसते हे कबूल. पण पुस्तक मिटल्यावर लक्षात राहते ती चार वर्षांची किट आणि तिच्याभोवतीची पंगत.

केट मॉर्टन या ऑस्ट्रेलियन लेखिकेची ‘द फरगॉटन गार्डन’, तीही 2008 सालची, इथे थोडी सांभाळून सुचवते. गुपिताचा गुंता या चौघींत हिचाच सर्वांत मोठा. 1913 साली ऑस्ट्रेलियाच्या एका धक्क्यावर, जहाजातून उतरलेली एक एकटी लहान मुलगी सापडते. तिला आपल्या घरी वाढवणारा बाप तिच्या एकविसाव्या वाढदिवशी तिला हे सांगतो, आणि या मुलीचं, नेलचं, ठरलेलं लग्न, बहिणींशी असलेला जिव्हाळा, सगळंच उसवतं. पुढे तिची नात कॅसॅन्ड्रा कॉर्नवॉलच्या एका बंद घरापर्यंत आणि भिंतीआडच्या बागेपर्यंत पोचते. काळाच्या तीन-चार धाग्यांमध्ये वाचक कधी कधी चुकतो, आणि उकल जरा जास्तच नेमकी जुळते. योगायोगांबद्दलची तक्रार इथे रास्त आहे. तरीही कसोटीला हे पुस्तक उतरतं ते एका प्रसंगाने. 1975 मध्ये नेल स्वतः इंग्लंडला जाऊन ते घर विकत घेते, कायमची तिथे राहायला जायचं ठरवते, उत्तर हातभर अंतरावर असतं. तेवढ्यात तिची मुलगी लहानग्या कॅसॅन्ड्राला तिच्याकडे सोडून निघून जाते, आणि नेल नातीसाठी आपला सगळा शोध सोडून देते. आपण कोण, या प्रश्नापेक्षा समोरच्या पोरीला जेवायला कोण घालणार हा प्रश्न तिने मोठा मानला. ही निवड गुपित सुटण्याच्या कितीतरी आधी येते, आणि पुस्तकाचं काळीज तिथेच आहे.

योगायोगांवरचा आक्षेप मात्र सरसकट मान्य करता येत नाही. पत्रं, वह्या, फोटो नेमके हाती लागतात कसे, असं विचारलं जातं. ज्या पिढ्यांना तोंडाने बोलायची सोय नव्हती, त्या पिढ्या वस्तू जपून ठेवत. विधवा बाईने पुन्हा नाव काढायचं नाही, परजातीच्या माणसाचा उल्लेख करायचा नाही, दत्तक मुलाला सांगायचं नाही, अशी बंधनं जिथे होती तिथे लुगड्याच्या घडीत ठेवलेला कागद हेच बोलणं होतं. तो सापडणं हा योगायोग असेल. तो तिथे असणं मुळीच नाही.

याहून गंभीर प्रश्न दुसरा आहे. गेलेल्या माणसाचं खाजगी उकरून काढायचा हक्क पुढच्या पिढीला दिला कोणी? आईने जे आयुष्यभर लपवलं ते तिला लपवायचंच होतं. या आक्षेपापुढे मान तुकवावी लागते, आणि चांगले कादंबरीकार ती तुकवतात. ‘द शेल सीकर्स’मध्ये आईच्या मृत्यूनंतर रिचर्डचं पत्र ऑलिव्हियाच्या हाती पडतं. ती ते वाचते, समजते, आणि भावंडांमध्ये त्याचा बोभाटा न करता ते आईचंच राहू देते. कळणं आणि वाटून टाकणं यांतला हा फरक आहे. महाभारतातही कुंती युद्धाआधी कर्णाला भेटून सत्य सांगते, पण तो पक्ष बदलत नाही. तुझे पाच मुलगे पाचच राहतील एवढा शब्द तो देतो आणि पाळतो. युद्धानंतर तर्पणाच्या वेळी तेच सत्य युधिष्ठिराला कळतं तेव्हा तो आईला आणि सगळ्या स्त्रीजातीला शाप देतो, यापुढे त्यांच्या पोटात गुपित राहणार नाही म्हणून. गुपित एकच, ऐकणारे मुलगे दोन. एकाने आईची अवस्था ओळखली, दुसऱ्याने आपलं दुखणं पाहिलं. या जातीच्या सर्व कादंबऱ्या या दोघांपैकी एकाच्या वाटेने जातात, असं मला वाटतं. मनाला ऊब देणाऱ्या ज्या, त्या कर्णाच्या वाटेच्या.

मराठीत अशा कादंबऱ्यांची वाण का वाटते, असं काही वाचक विचारतात. त्याचं एक कारण असं दिसतं की हे काम आपल्याकडे बायकांच्या आत्मचरित्रांनी आधीच अंगावर घेतलं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ किंवा 1990 साली आलेलं सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ ही पुस्तकं म्हणजे ट्रंक सापडायची वाट न पाहता बाईने स्वतःच उघडून दाखवलेली ट्रंक. नातीने शोध घ्यावा असं त्यांनी काही शिल्लक ठेवलं नाही. कादंबरीची हौस असणाऱ्यांनीही ती या यादीला जोडून वाचावीत.

चौथं पुस्तक मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण ते सर्वांत श्रेष्ठ आहे. गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ ही कादंबरी 2018 साली हिंदीत आली आणि 2022 मध्ये डेझी रॉकवेल यांनी केलेल्या तिच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. भारतीय भाषेतून अनुवादित पुस्तकाला तो मान पहिल्यांदाच मिळाला. ऐंशी वर्षांची आई नवरा गेल्यावर घराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मुलगा, सून, नातू सगळे तिला उठवायला बघतात, ती उठत नाही. उठते तेव्हा मुलीच्या घरी राहायला जाते, रोझी नावाच्या तृतीयपंथी मैत्रिणीबरोबर मनासारखं जगते, आणि मग पाकिस्तानात जायचा हट्ट धरते. तिथे गेल्यावर मुलीला कळतं की फाळणीपूर्वी आईचं अन्वर नावाच्या माणसाशी लग्न झालं होतं. मोकळ्या वागणुकीचा अभिमान बाळगणाऱ्या या मुलीला आईच्या मोकळेपणाने धाप लागते. हे सांगितल्यानेही पुस्तकाचं काही बिघडत नाही, कारण त्याची खरी मजा दारं, भिंती, साड्या, कावळे यांनाही बोलायला लावणाऱ्या भाषेत आहे.

पहिली शंभरेक पानं संथ वाटतील, आई अंथरुणातून उठेपर्यंत तेवढा धीर धरा. वाचायला सुरुवात गर्न्झीच्या पत्रांपासून करा, मग पिल्चर, मग वेळ असेल तर मॉर्टन. आणि ‘रेत समाधि’ इंग्रजीतून वाचू नका. ती हिंदीतच वाचा. लिपी आपलीच आहे.